नकोशा अशिलाचे वकीलपत्र

१९६० च्या जानेवारीत लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये केनियाच्या भावी राज्यघटनेची बोलणी सुरू झाली, तेव्हा आफ्रिकी शिष्टमंडळाच्या मदतीला एक काळा अमेरिकी वकील आला होता. त्यांचे नाव थर्गुड मार्शल. अमेरिकेतल्या सरकारी शाळांची वर्णावर आधारलेली विभागणी घटनाबाह्य ठरवणारा 'ब्राउन' खटला जिंकून त्यांना अजून सहा वर्षेही झाली नव्हती. केनियाचे तरुण कामगार नेते टॉम म्बोया यांनी त्यांना बोलावून घेतले आणि नव्या देशासाठी मूलभूत हक्कांचा मसुदा करण्याचे काम सोपवले. त्या वेळी केनियात ऐंशी लाखांच्या आसपास आफ्रिकी होते, पावणेदोन लाखांच्या घरात भारतीय वंशाचे लोक होते आणि गोरे होते पन्नास-साठ हजार. सत्ता आज ना उद्या बहुसंख्य आफ्रिकींच्या हाती जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होते. मग या हक्कांची तातडीची गरज कोणाला होती? गोऱ्या शेतमालकाला आणि भारतीय दुकानदाराला. ज्या माणसाने अख्खी हयात गोऱ्या बहुसंख्याकांविरुद्ध काळ्या अल्पसंख्याकांची बाजू मांडण्यात घालवली होती, तो आता काळ्या बहुसंख्याकांच्या वतीने गोऱ्यांच्या आणि भारतीयांच्या संरक्षणाची कलमे लिहीत होता.

मार्शल यांच्या कारकिर्दीची उंची मोजताना ब्राउनचा निकाल पुढे केला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्या निकालामागचे तत्त्व त्यांनी किती खोलवर स्वीकारले होते, याचा पुरावा लंडनमधल्या या फारशा न गाजलेल्या मसुद्यात आहे. नागरी हक्कांची वकिली ही एखाद्या समाजाची वकिली आहे असा आपल्याकडे सर्रास समज असतो. दलितांचा वकील, मुसलमानांचा वकील, आदिवासींचा वकील, असे आपण बोलतोही. माझे म्हणणे असे की, ही वकिली एका तत्त्वाची असते आणि ते तत्त्व जिवंत आहे की नाही हे आपल्याला नकोशा असलेल्या अशिलाच्या बाबतीतच कळते. ज्याच्यासाठी हक्क लिहायला हात कचरतो त्याच्यासाठी तो लिहिला नाही, तर तो आपल्याही उपयोगी पडत नाही. हे मी सदिच्छा म्हणून सांगत नाही. केनियाचा पुढचा इतिहास तेच सांगतो.

हे तत्त्व मार्शल पुस्तकातून शिकले नव्हते. १९०८ मध्ये बाल्टिमोर शहरात त्यांचा जन्म झाला. मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हाताखाली कायद्याचे शिक्षण घेतले. पदवीनंतर दोन-तीन वर्षांतच त्यांनी आणि ह्यूस्टन यांनी त्याच मेरीलँड विद्यापीठाला न्यायालयात खेचून एका काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला. पुढे एनएएसीपी या काळ्यांच्या संघटनेच्या कायदा निधीचे प्रमुख म्हणून ते दक्षिणेकडची राज्ये पालथी घालत राहिले. हेमन स्वेट या टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्याला टेक्सासच्या विधी महाविद्यालयात प्रवेश हवा होता. तो देण्याऐवजी राज्य सरकारने केवळ काळ्यांसाठी ऑस्टिनमध्ये तळघरातल्या काही खोल्यांत वेगळे महाविद्यालयच उघडले. 'वेगळे पण समान' म्हणतात ते हेच, असा सरकारचा दावा होता. मार्शल यांनी मांडलेला प्रश्न साधा होता. विद्यापीठाचा लौकिक, प्राध्यापकांचा नावलौकिक, माजी विद्यार्थ्यांचे वजन, ज्यांच्यासमोर उद्या वकिली करायची त्या गोऱ्या वर्गमित्रांशी होणारा वादविवाद, हे सगळे तळघरात कसे आणणार? १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली आणि ब्राउनची वाट मोकळी झाली.

ब्राउन हे नाव ज्या पाच खटल्यांच्या समूहाला मिळाले, त्यांतला दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्याचा खटला जवळून पाहण्यासारखा आहे. तिथल्या गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी ३० बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. पालकांनी सुरुवातीला फक्त एक बस मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा प्रकरण समान शाळांच्या मागणीवर गेले आणि शेवटी विभागणीच रद्द करा इथवर पोहोचले. ज्यांच्या नावाने खटला दाखल झाला त्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, त्यांच्या पत्नीचीही गेली. या लोकांना संघटित करणाऱ्या धर्मोपदेशकाचे घर जाळले गेले. वकील सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करतो तेव्हा त्याच्या मागे अशी माणसे उभी असतात आणि खटल्याची किंमत आधी तीच मोजतात. मार्शल यांना याची पक्की जाण होती. टेनेसीतल्या कोलंबिया गावी १९४६ मध्ये काळ्या आरोपींची बाजू मांडून परतताना जमावाच्या तावडीतून ते स्वतः थोडक्यात बचावले होते. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी ३२ खटले चालवले आणि त्यांतले २९ जिंकले. हा आकडा नेहमी कौतुकाने सांगितला जातो. पण खालच्या न्यायालयांत, गोऱ्या ज्युरींपुढे, निकाल आधीच ठरलेला असताना त्यांनी केलेले काम या आकड्यात येत नाही.

त्यांच्या कामाला देशाची सीमा ओलांडायला लावली ती कोरियाच्या युद्धाने. तिथल्या काळ्या पलटणीतल्या सैनिकांवर शत्रूपुढे कच खाल्ल्याच्या आरोपाखाली धडाधड लष्करी खटले चालवले जात होते. १९५१ च्या सुरुवातीला मार्शल टोकियोत आणि कोरियात गेले, तुरुंगातल्या सैनिकांना भेटले, खटल्यांचे कागद तपासले. जन्मठेप सुनावणारे काही खटले तासाभराच्या आत उरकले होते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्येच सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला होता, तरी जनरल मॅकआर्थर यांच्या अधिपत्याखाली जुनीच विभागणी चालू होती. मिसिसिपीतला न्याय सैन्याबरोबर जहाजात बसून आशियात पोहोचला होता. मार्शल यांच्या अहवालानंतर अनेकांच्या शिक्षा कमी झाल्या.

इथे एक अडचणीची गोष्ट टाळून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या काळ्यांचा प्रश्न 'मानवी हक्कांचा' म्हणून जगापुढे न्यावा, असे एनएएसीपीतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यासारख्यांना वाटत होते. १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालच्या त्या शिष्टमंडळात मुंबईचे एम. सी. छागला होते. एका राष्ट्राने दुसऱ्याला 'तुमच्या नागरिकांशी तुम्ही कसे वागता हा आमचाही प्रश्न आहे' असे जाहीरपणे विचारण्याची ती सुरुवात होती. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या दुसऱ्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली. अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा का, हा विचार त्यांच्या मनात होता. डू बॉइस यांनी उत्तरही दिले. पुढच्या वर्षी एनएएसीपीच्या वतीने डू बॉइस यांनी संपादित केलेले सविस्तर निवेदन संयुक्त राष्ट्रांत गेले. पण शीतयुद्ध तापले आणि अमेरिकेत 'मानवी हक्क' हे शब्द कम्युनिस्टांचे म्हणून संशयास्पद ठरले. डू बॉइस यांना संघटनेतून बाहेर पडावे लागले. नोकरी, घर, आरोग्य यांचे हक्क मागण्याचा विषय मागे पडला आणि संघटनेने घटनेतल्या समतेच्या कलमापुरती, म्हणजे 'नागरी हक्कां'पुरती लढाई आखून घेतली. मार्शल यांनी ही माघार स्वीकारली होती. कम्युनिस्टांना संघटनेबाहेर ठेवण्याच्या बाजूने ते होते आणि एफबीआयशीही त्यांचा संपर्क होता. त्यांच्या चाहत्यांना हे सांगायला जड जाते. मला ते सांगणे आवश्यक वाटते, कारण केनियासाठी त्यांनी काय लिहिले याचे महत्त्व त्याशिवाय कळत नाही.

केनियात मार्शल लंडनच्या बैठकीआधी पोहोचले. तिथली आणीबाणी त्याच महिन्यात उठत होती आणि ब्रिटिशांविरुद्धचे माऊ माऊ बंड चिरडताना झालेल्या अत्याचारांच्या जखमा ताज्या होत्या. स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा अजून स्थानबद्धतेत होते. किआंबू इथल्या सभेत मार्शल यांना बोलायला वसाहतीच्या अधिकाऱ्याने मनाई केली. निदान एक शब्द बोलू द्या, अशी विनंती करून ते लोकांपुढे गेले आणि 'उहुरू' एवढेच ओरडले. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. जमाव उसळला. तिथून ते लंडनला आले. बोलणी चालू असतानाच, १ फेब्रुवारीला, अमेरिकेत ग्रीन्सबरोच्या एका दुकानातल्या खानपानाच्या काउंटरवर चार काळे विद्यार्थी ठिय्या देऊन बसले आणि मार्शल यांच्या देशातल्या आंदोलनाचे रूपच पालटले. रस्त्यावरची पिढी न्यायालयाच्या पुढे निघून जात असताना तिचा सर्वांत मोठा वकील दुसऱ्या खंडातल्या देशासाठी कलमे लिहीत बसला होता.

त्या मसुद्यात कायद्यापुढची समता होती, मताधिकार होता, हक्कांची बूज राखण्यासाठी न्यायालयाकडे जाण्याची सोय होती. शिवाय शिक्षण, काम आणि गरजूंसाठी सामाजिक सुरक्षा हेही हक्क म्हणून लिहिलेले होते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची छाप त्यावर स्वच्छ दिसते. मायदेशी जे मागण्याची सोय उरली नव्हती, ते मार्शल यांनी केनियासाठी लिहिले. आपल्याकडे आंबेडकरांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे दिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात आर्थिक व्यवस्थेलाच घटनेत बांधून टाकण्याची मागणी केली होती. संविधानात मात्र असे बहुतेक विषय मार्गदर्शक तत्त्वांत गेले, जिथे न्यायालयाची सक्ती नाही. दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. उपाशी माणसाला नुसत्या समतेच्या कलमाने फारसे काही मिळत नाही. मार्शल यांना याची प्रचिती पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून आली. १९७३ मध्ये सॅन अँटोनियो इथल्या गरीब वस्तीतल्या पालकांनी शाळांच्या निधीतली तफावत आव्हानित केली, तेव्हा शिक्षण हा अमेरिकी घटनेतला मूलभूत हक्क नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. मार्शल चौघांत होते आणि त्यांचे भिन्नमत दीर्घ आणि जळजळीत आहे.

आता त्या मसुद्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. केनियाच्या डोंगराळ भागातली ७० लाखांहून अधिक एकर सुपीक जमीन वसाहतीच्या कायद्याने फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती. किकुयू जमातीसारख्या लोकांना तिथून हुसकावले गेले होते किंवा त्याच जमिनीवर मजूर म्हणून राहावे लागत होते. मार्शल यांचे म्हणणे होते की सरकारने सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घ्यावी, पण न्याय्य भरपाई देऊन, आणि भरपाईचा वाद न्यायालयात नेता यावा. मग ज्याने जमीन लुबाडली त्यालाच भरपाई द्यायची? लुटीला हक्काचे संरक्षण देणारा हा कसला मानवी हक्क? हा प्रश्न चुकीचा आहे असे कोणीही म्हणू नये. स्वातंत्र्याच्या सुमारास गोऱ्यांची शेते विकत घेऊन आफ्रिकी शेतकऱ्यांना वसवण्याची मोठी योजना आली. तिचा पैसा कर्जाऊ होता आणि गरीब कुटुंबे आपल्याच पूर्वजांच्या जमिनीसाठी हप्ते भरत राहिली. मार्शल यांच्या कलमात जमीन मुळात कशी मिळवली याचा हिशेब मांडण्याची जागा नव्हती. ती उणीव मोठी होती.

तरीही या आक्षेपाने जे सुचवले जाते, म्हणजे न्यायालयाला बाजूला ठेवा आणि जमिनीचा निर्णय सरकारवर सोडा, त्याचे काय झाले हे केनियानेच दाखवले. स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत सरकारी जमिनीचे वाटप राष्ट्राध्यक्षांच्या आणि त्यांच्या मर्जीतल्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिले. २००४ मध्ये न्दुंगु आयोगाचा अहवाल आला, तेव्हा सार्वजनिक जमिनी सत्तेच्या जवळच्या लोकांना बेकायदा कशा वाटल्या गेल्या याची लांबलचक जंत्री देशापुढे आली. भूमिहीन किकुयू भूमिहीनच राहिला होता. आपल्याकडे जमीनदारी नष्ट करण्यासाठी १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववे परिशिष्ट जोडले गेले. जमीन सुधारणांना त्याची गरज होती, हे मला मान्य आहे. पण त्याच परिशिष्टात पुढे जमिनीशी संबंध नसलेले कितीतरी कायदे न्यायालयीन तपासणी टाळण्यासाठी टाकले गेले. लुटीची भरपाई किती द्यायची, द्यायची की नाही, हा राजकीय प्रश्न आहे. तो सुटताना सरकारला जाब विचारणारा कोणी असावा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि मार्शल यांचे उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नाला होते.

दुसरा आक्षेप असा की, कागदावरच्या हक्कांनी केनियातल्या भारतीयांचे काय भले झाले? मार्शल यांचा मसुदा जसाच्या तसा स्वीकारलाही गेला नाही. स्वातंत्र्याच्या घटनेतले हक्कांचे प्रकरण मुख्यतः नायजेरियाच्या धर्तीवर आले. १९६३ च्या जुलैत मार्शल पुन्हा केनियात गेले तेव्हा भारतीय दुकानदारांवर दबाव वाढत होता आणि त्यांनी नेत्यांकडे तो विषय काढला. १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. ज्यांना आपोआप नागरिकत्व मिळत नव्हते त्यांना अर्जासाठी दोन वर्षांची मुदत होती. अनेकांनी अर्ज केला नाही, ब्रिटिश पासपोर्ट जपून ठेवले. १९६७ मध्ये परदेशस्थांच्या प्रवेशाचा आणि व्यापार परवान्यांचा असे दोन कायदे आले आणि बिगरनागरिकांना व्यवसाय करणे जवळपास अशक्य झाले. गुजराती, पंजाबी, गोव्याची कुटुंबे लंडनची विमाने पकडू लागली. तेव्हा ब्रिटनने १९६८ च्या मार्चमध्ये जेमतेम तीन दिवसांत संसदेतून कायदा संमत करून आपल्याच पासपोर्टधारकांना दार बंद केले. गोऱ्या स्थलांतरितांना मात्र आजोबा ब्रिटनमध्ये जन्मल्याच्या आधारावर ते उघडे राहिले.

पण गोष्ट इथे थांबत नाही. अडकलेल्या कुटुंबांच्या वतीने हे प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क आयोगापुढे गेले. त्यांच्या वकिलांपैकी अँथनी लेस्टर यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात जाऊन तिथल्या वर्णभेदी न्यायव्यवस्थेवर अॅम्नेस्टीसाठी अहवाल लिहिला होता. १९७३ मध्ये आयोगाने मत दिले की, एखाद्या गटाला केवळ वंशावरून जाहीरपणे वेगळे काढणे ही मानहानीकारक वागणूक ठरू शकते आणि ब्रिटनने तसे केले. तो अहवाल दोन दशके प्रसिद्ध झाला नाही, हेही खरे. मात्र तोवर ब्रिटनने कोटा वाढवून त्या कुटुंबांना प्रवेश देणे सुरू केले होते. नैरोबीतल्या दुकानदाराचा हक्क नैरोबीत टिकला नाही, तो स्ट्रासबर्गमध्ये ऐकला गेला. तो मांडणाऱ्या वकिलाला वर्णभेदाची ओळख मिसिसिपीसारख्या राज्यांत झाली होती. नागरी हक्क आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क या दोन वेगळ्या वकिल्या नाहीत, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

याहून मोठे उत्तर केनियातल्या आफ्रिकींच्या वाट्याला जे आले त्यात आहे. भारतीयांच्या हक्कांकडे काणाडोळा झाला तेव्हा बहुतेक आफ्रिकी नेत्यांना त्यात वावगे वाटले नाही. घटना मात्र त्याच वर्षांत एकामागून एक दुरुस्त्यांनी पोखरली जात होती. १९६५ च्या फेब्रुवारीत पिओ गामा पिंटो यांची नैरोबीत घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. गोव्याच्या कुटुंबातले हे समाजवादी पत्रकार आफ्रिकी स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत वर्षानुवर्षे राहिले होते आणि नव्या केनियातही जमिनीच्या न्याय्य वाटपासाठी भांडत होते. १९६६ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धतेचा अधिकार सरकारने पुन्हा स्वतःकडे घेतला. हेच हत्यार ब्रिटिशांनी केन्याटांच्या सहकाऱ्यांवर चालवले होते. १९६९ च्या जुलैत ज्या टॉम म्बोया यांनी मार्शल यांना बोलावले होते, त्यांची नैरोबीच्या भर रस्त्यात हत्या झाली. त्याच वर्षी माजी उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा स्थानबद्ध झाले आणि त्यांच्या पक्षावर बंदी आली. १९७७ च्या अखेरीस लेखक न्गुगी वा थिओंगो यांना एका नाटकामुळे वर्षभर खटल्याशिवाय डांबले गेले. जे कुंपण दुकानदारासाठी नको म्हणून मोडले, ते मोडल्यावर आत कोण उरले होते? ब्रिटिशांनी केन्याटांवर कपेंगुरियात चालवलेल्या खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांमध्ये मूळ गोव्याचे फिट्झ डिसूझा होते, नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल होते. त्या दिवशी केन्याटा नकोसे अशील होते. सत्तेत आल्यावर त्यांना त्याचा विसर पडला.

तिसरा आक्षेप मार्शल यांच्या हेतूवर घेतला जातो. अमेरिकी सरकारला आफ्रिकेत सोव्हिएत प्रचाराला उत्तर हवे होते आणि ब्राउन जिंकणारा काळा वकील त्यासाठी उत्तम चेहरा होता. १९६३ चा दौरा तर परराष्ट्र खात्याच्याच खर्चाने झाला. ब्राउनच्या खटल्यातही न्याय खात्याने न्यायालयाला सांगितले होते की वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयते खाद्य मिळते. हे सगळे खरे आहे. हक्कांना सत्तेचा स्वार्थ कधी कधी मदत करतो आणि वकिलाने ती मदत घ्यावी, असेच मला वाटते. मात्र त्या स्वार्थाने घातलेल्या मर्यादेतच त्याने राहिले तर ती वकिली उरत नाही. मार्शल यांनी केनियासाठी शिक्षणाचा आणि कामाचा हक्क लिहिला, तो अमेरिकी घटनेत नव्हता आणि परराष्ट्र खात्याच्या प्रचाराचाही तो विषय नव्हता.

हा इतिहास मराठी वाचकाला का सांगावा? कारण आपल्याकडच्या वकिलीत हा प्रश्न फार जवळचा आहे. २००८ च्या नोव्हेंबरातल्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने आरोपीचे वकीलपत्र घेणार नाही असा ठराव केला. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकील महिलेच्या घरावर दगडफेक झाली. शहरावर १६६ मृत्यूंचे दुःख होते, संताप स्वाभाविक होता. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्यापैकी एकाची बाजू शाहिद आझमी यांनी लढवली आणि पोलिसांनी पुढे केलेला नकाशाचा पुरावा पोकळ असल्याचे दाखवून दिले. २०१० च्या ११ फेब्रुवारीला आझमी यांची कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत विशेष न्यायालयाने त्या दोघांची निर्दोष सुटका केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. ठरावाप्रमाणे सगळे वागले असते तर निरपराध माणसे फासावर जाऊ शकली असती आणि त्या हल्ल्याच्या तपासात पुराव्याचा कच्चेपणा कुठे होता हेही कोणाला कळले नसते. मुख्य आरोपी कसाबलाही वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील नेमले गेले, आणि म्हणूनच त्याला बाजू मांडू दिली नाही असे म्हणायला जागा उरली नाही.

आरोपीला आपल्या पसंतीचा वकील मिळण्याचा हक्क संविधानाच्या २२व्या कलमात आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकील ज्या न्यायालयात वकिली करतो तिथले वकीलपत्र, विशेष कारण नसेल तर, स्वीकारायला तो बांधील असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात असे बहिष्काराचे ठराव बेकायदा आणि निरर्थक ठरवले. तरीही एखादा किळसवाणा गुन्हा घडला की कुठल्या ना कुठल्या तालुक्याच्या बारमध्ये तसा ठराव होतो, टाळ्या पडतात, वर्तमानपत्रात कौतुकाची बातमी येते. राज्याच्या बार कौन्सिलने अशा ठरावाची स्वतःहून दखल घेऊन पदाधिकाऱ्यांना नोटीस काढावी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने त्याच दिवशी आरोपीला अनुभवी वकील द्यावा आणि त्या वकिलाला संरक्षण हवे असेल तर ते मागण्याआधी मिळावे. गृहखात्याला आणि न्यायालयांना यासाठी नवा कायदा लागत नाही. तिकडे केनियाने २०१० मध्ये नवी राज्यघटना स्वीकारताना शिक्षण, आरोग्य आणि घर हे न्यायालयात मागता येणारे हक्क म्हणून लिहिले. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. मार्शल यांनी ज्या दुकानदारासाठी कलम लिहिले होते त्याच्या नातवंडांना ती मिळायला ५७ वर्षे लागली. मधल्या काळात त्या देशाने काय गमावले, याची यादी म्बोयांच्या नावापासून सुरू होते.